प्रेक्षकांत बसलेली झुरळं

1969 साली मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर झुरळांसाठी चक्क एक स्टेडियम बांधलं. मधोमध पारदर्शक प्लास्टिकची धावपट्टी, तिच्या एका टोकाला झगझगीत दिवा आणि दुसऱ्या टोकाला अंधारी खोली. झुरळाला उजेड सोसत नाही. दिवा लागला की ते अंधाराकडे धूम ठोकतं, आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजायचं. इथवर काही नवल नाही. नवल पुढे आहे. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक पेट्या होत्या आणि त्यांत प्रेक्षक म्हणून आणखी झुरळं बसवली होती. प्रेक्षकांनी काही करायचं नव्हतं, फक्त हजर राहायचं होतं.

प्रेक्षक असताना झुरळ जास्त वेगानं पळालं. मग झायन्सनं वाट बदलली. आता मध्ये एक चौक होता आणि योग्य बाजूला वळलं तरच अंधार गाठता येत होता. या वाटेवर मात्र उलटं झालं. एकट्यानं पळणाऱ्या झुरळाला वळण लवकर सापडायचं, प्रेक्षकांसमोर ते जास्त गोंधळायचं आणि जास्त वेळ घ्यायचं.

झायन्सचं म्हणणं असं होतं की इतरांची नुसती उपस्थिती शरीराला चेतवते, आणि चेतलेलं शरीर हाताशी असलेली, सर्वांत सवयीची कृती आधी करतं. सरळ पट्टीवर सवयीची कृती हीच बरोबर कृती असते, म्हणून वेग वाढतो. वळण असलेल्या वाटेवर सवय दगा देते. झुरळाला अब्रूची चिंता नसते असं धरून चाललो, तर याचा अर्थ मोठा गमतीचा निघतो. चार लोकांसमोर उभं राहिल्यावर आपल्याला जे होतं, त्याचा निदान एक धागा ‘लोक काय म्हणतील’च्या कितीतरी खाली, प्राणिसृष्टीत खोलवर गेलेला असावा.

आता झुरळं सोडून सेमिनारच्या वर्गात येऊ. थर्ड इयरचा वर्ग आहे. प्रोजेक्टरची केबल कुणाच्या तरी लॅपटॉपला लागत नाहीये, मागच्या बाकांवर खुसखुस चाललीय आणि मॅडम पुढचा रोल नंबर पुकारतात. ज्याचा नंबर आहे त्याच्या पोटात सकाळपासून गोळा आलाय. डबा तसाच परत चाललाय. रात्री दोन वाजेपर्यंत पाठ केलेली पहिली ओळ आता कुठे गेली कुणास ठाऊक. घशाला कोरड, तळहाताला घाम, बोटं गार. हा मुलगा आळशी नाही, ढ नाही, कॅन्टीनमध्ये तर त्याच्यासमोर कुणाचं काही चालत नाही.

त्या क्षणी त्याच्या शरीरात जे घडतं ते बघत राहावं असं आहे. मेंदूच्या आत, कानशिलाच्या पातळीला, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची खूण ओळखतो. निरोप हायपोथॅलॅमसला जातो, तिथून नसांच्या वाटेनं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींना पोचतो आणि काही सेकंदांत रक्तात अॅड्रेनॅलिन उतरतं. हे रसायन जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत शुद्ध रूपात वेगळं करून 1901 साली जगापुढे आणलं. ते रक्तात उतरल्यावर शरीर कशाची तयारी करतं, याचं चित्र हार्वर्डच्या वॉल्टर कॅननच्या 1915 च्या पुस्तकानं उभं केलं. लढायची किंवा पळायची तयारी. एवढं कळलं की बाकीच्या सगळ्या तक्रारी एकेक करून उलगडतात. पळायचं असेल तर पचन थांबलं तरी चालतं, म्हणून आतड्यांचा रक्तपुरवठा आखडतो आणि पोटात कसंतरी होतं. लाळेची गरज नाही, म्हणून तोंडचं पाणी पळतं. त्वचेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. स्नायू ताणले जातात, त्यांवर अॅड्रेनॅलिनचा थेट परिणाम होतो आणि हातातला कागद थरथरू लागतो. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात आणि आवाज चिरका, वरच्या पट्टीत निघतो.

थोडक्यात, पोराचं शरीर दोन किलोमीटर धावायला सज्ज झालेलं असतं आणि त्याला करायचं काय असतं, तर एका जागी उभं राहून ‘गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर’ म्हणायचं असतं.

ही गत फक्त विद्यार्थ्यांची होते असंही नाही. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. खटला ममीबाई नावाच्या बाईंचा होता, फी 30 रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उठले आणि डोकं गरगरू लागलं, कोर्ट फिरतंय असं वाटलं, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, हे काम आपल्याला जमणार नाही असं सांगून त्यांनी फी परत केली आणि कोर्टातून निघून गेले. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींच्या समितीपुढे त्यांनी आपलं म्हणणं लिहून नेलं होतं, तेही दुसऱ्याला वाचून दाखवावं लागलं होतं. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे.

पण धोका नेमका कशाचा? वर्गात वाघ नसतो. या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातून आलं. 1993 साली क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत माणसाला खात्रीनं ताण देण्याची एक रीत प्रसिद्ध केली. इंजेक्शन नाही, विजेचा धक्का नाही. फक्त एका खोलीत बोलावायचं. समोर परीक्षक, मायक्रोफोन, व्हिडिओ कॅमेरा. थोडा वेळ तयारीला देऊन सांगायचं की नोकरीसाठी तुम्हीच का योग्य, यावर पाच मिनिटं बोला. परीक्षकांना शिकवून ठेवलेलं असतं की हसायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. बोलणं संपलं की 1022 मधून 13 वजा करत जायला सांगायचं. चुकलात? पुन्हा 1022 पासून. ज्यानं एकदा तरी एक्स्टर्नलसमोर व्हायवा दिली आहे, त्याला या खोलीचं वर्णन ओळखीचं वाटेल. या पद्धतीनं लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं दुसरं संप्रेरक, दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलं.

पुढे 2004 मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणाचे 208 प्रयोग एकत्र मांडून पाहिले. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कशानं वाढतं? दुसरं कुणीतरी आपली पारख करतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की. शरीराला मान जाणं हा जीव जाण्याच्या जवळपासचा धोका वाटतो, असं म्हणायला इथे जागा आहे. कळपातून बाहेर पडलेल्याचं एकेकाळी काय होत असेल, याची कल्पना करून पाहा.

लोक मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतात, हे वाक्य मात्र जरा जपून वापरावं. ते 1973 च्या एका अमेरिकी पाहणीतून आलं. तिथे लोकांना यादी देऊन ‘यातल्या कशाकशाची भीती वाटते’ एवढंच विचारलं होतं. 2012 मध्ये दोन संशोधकांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तेच विचारलं तेव्हा भाषणावर खूण करणारे पुन्हा सर्वांत जास्त निघाले, पण ‘सर्वांत मोठी भीती कोणती’ असं विचारल्यावर मरणानं पहिला नंबर पटकावला. जीव वाचवण्यासाठी भाषण करावं लागलं तर माणूस करेल, असं दिसतं.

या भीतीला स्वतःचं वेळापत्रकही असतं. टेक्सासमध्ये राल्फ बेंकी आणि ख्रिस सॉयर यांनी भाषणकलेच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांची चिंता वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजली. भाषण करायचंय हे जाहीर होतं तेव्हा चिंता चढते, प्रत्यक्ष तयारी करताना ती उतरते आणि बोलायला उठण्याच्या ऐन आधी सर्वांत वर जाते. म्हणजे विषय मिळाल्यावर तयारी पुढे ढकलणारा विद्यार्थी नेमका तोच काळ कमी करत असतो, ज्यात त्याला बरं वाटलं असतं. नाडीचंही तसंच. बोलायला सुरुवात झाल्यावर पहिल्या मिनिटाच्या आतबाहेर ती टोक गाठते आणि मग भाषण चालू असतानाच उतरू लागते. रक्तातलं अॅड्रेनॅलिनही काही मिनिटांतच मोडून जातं. पहिलं मिनिट निभावणं हे खरं काम आहे.

आणि इथे झुरळं उपयोगी पडतात. चेतलेलं शरीर सवयीची कृती आधी करतं ना? मग पहिल्या मिनिटाची सवय करून ठेवायची. अख्खं भाषण पाठ करणं धोक्याचं, कारण मधला एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. पण पहिली तीन-चार वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी घोटावीत, तीही उभं राहून आणि मोठ्यानं. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य जिभेच्या सवयीचं होत नाही. पुढचं सगळं मुद्द्यांवर सोडावं.

आता माझी या विषयातली सर्वांत लाडकी गोष्ट सांगतो. ती चार्ल्स डार्विननं 1872 च्या, भावनांच्या आविष्कारावरच्या पुस्तकात, लाजेनं लाल होण्याच्या प्रकरणात नोंदवली आहे. एका अत्यंत बुजऱ्या गृहस्थांच्या सन्मानार्थ छोटी मेजवानी होती. आभार मानायला ते उठले. भाषण त्यांनी पाठ केलं होतं. त्यांनी ते संपूर्ण ‘म्हटलं’ही, हातवारे करत, जोर देत, फक्त तोंडातून एक शब्दही फुटला नाही. मित्रांच्या लक्षात प्रकार आला. हातवाऱ्यांवरून जिथे विराम वाटला तिथे त्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. गृहस्थ खाली बसले आणि नंतर मोठ्या समाधानानं म्हणाले की आपलं भाषण फारच छान झालं.

आत काय चाललंय आणि बाहेर काय दिसतंय, यांतली दरी किती रुंद असू शकते! त्या गृहस्थांची दरी त्यांच्या फायद्याची होती. आपली बहुधा उलट्या बाजूनं असते. आपल्याला वाटतं की आपली धडधड पहिल्या बाकापर्यंत ऐकू जातेय, थरथर शेवटच्या बाकावरून दिसतेय. कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि केनेथ साविट्स्की यांनी हीच समजूत तपासली. बोलणाऱ्याला विचारलं, तू किती घाबरलेला दिसलास? ऐकणाऱ्यांना विचारलं, तो किती घाबरलेला दिसला? बोलणाऱ्यांचा आकडा मोठा निघाला. आपण पारदर्शक आहोत असं आपल्याला वाटतं, कारण आतला गोंधळ आपल्याला इतका ठळक ऐकू येत असतो की तो दुसऱ्याला ऐकू येत नसेल हे पटतच नाही.

पुढचा भाग त्याहून विलक्षण आहे. 2003 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावलं. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला धीर दिला: घाबरणं साहजिक आहे, फार मनावर घेऊ नका. तिसऱ्याला वरचं संशोधन समजावून सांगितलं: तुमची धास्ती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. तिसऱ्या गटाची भाषणं जास्त चांगली झाली. त्यांना स्वतःला तसं वाटलं आणि भाषणं पाहणाऱ्यांनाही. नुसत्या धीरानं तसं झालं नाही. ‘अगं, घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या तमाम मामा-मावश्यांनी आणि प्रोजेक्ट गाइडांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

असं का व्हावं? भीती दिसतेय या भीतीनं भीती वाढते, हा फेरा असतो. आवाज कापला, तो सगळ्यांना कळला असणार, म्हणून आणखी कापतो. एक खरी माहिती त्या फेऱ्यात पाचर मारते. बोलणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या धडधडीवरून सुटतं आणि सांगायच्या गोष्टीकडे जातं.

पण माहितीनं सगळं भागत नाही, सरावही लागतो, आणि त्यालाही रीत आहे. इलिनॉय विद्यापीठात गॉर्डन पॉल यांनी भाषणाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवरच उपचारांचा एक प्रयोग केला. 1966 साली तो पुस्तकरूपानं आला. काहींना भीतीची मुळं शोधणारं समुपदेशन मिळालं. काहींना ‘ताण झटपट घालवणारी’ म्हणून एक कॅप्सूल दिली, जिच्यात खायचा सोडा होता. काहींना शरीर सैल सोडायला शिकवून, भाषणाच्या प्रसंगाची कल्पना पायरीपायरीनं करायला लावली, सोप्या प्रसंगापासून अवघडाकडे. ही तिसरी रीत सर्वांत सरस ठरली आणि दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही टिकली. सोड्याची कॅप्सूल घेतलेले आणि मुळं खणणारे साधारण सारखेच सुधारले, हे वाचून मी बराच वेळ हसत होतो.

पायऱ्या आपल्या आपणही बांधता येतात. आधी खोलीत एकट्यानं मोठ्यानं बोलणं, मग रूममेटसमोर, मग रिकाम्या वर्गात तीन मित्रांसमोर, त्याच फळ्याजवळ जिथे खरं सेमिनार होणार आहे. दरम्यान लेक्चरमध्ये एखादा प्रश्न उभं राहून विचारणं. पायरी नकोशी वाटावी इतकी उंच आणि चढता येईल इतकी ठेंगणी हवी, आणि जीव घाबरला म्हणून मध्येच पळ काढायचा नाही. टाळण्यानं लगेच सुटका होते, पण शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो. दरवेळी आजारी पडून सेमिनार पुढे ढकलणाऱ्याची भीती म्हणूनच वाढत जाते. 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेले टोस्टमास्टर्स हे भाषणाच्या सरावाचे क्लब अशाच पायऱ्या बांधून देतात, आणि ते आता पुण्या-मुंबईतही भरतात. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र पहिल्या पायरीलाच परीक्षक आणि करंडक असतात. बुजऱ्याला सभाधीट करायला थेट तिथे उभं करण्याचा आपल्याकडचा उत्साह मला कधी पटला नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण दुहेरी असते. परक्या भाषेच्या वर्गातली धास्ती ही वेगळी गोष्ट आहे, हे इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्येच 33 विधानांची मोजपट्टी तयार करून मांडलं होतं. विषय आठवायचा, इंग्रजी शब्द शोधायचा, तो चुकला तर कोण हसतंय यावर नजर ठेवायची: ही सगळी कामं मेंदूच्या एकाच छोट्या टेबलावर होतात. म्हणून सेमिनार आधी मराठीत सांगून पाहावं, सुरळीत होईपर्यंत. मग इंग्रजीत. विषय पक्का झाला की टेबलावर निदान एका कामाची जागा मोकळी होते.

ऐन वेळेला काय करावं? इथे हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांचे 2014 चे प्रयोग मजेदार आहेत. भाषणाआधी काहींना ‘मी शांत आहे’ असं मोठ्यानं म्हणायला लावलं, काहींना ‘मला उत्साह आलाय’ असं. उत्साहवाल्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. कॅराओकेच्या प्रयोगात नाडीही मोजली होती; ‘उत्साह’ म्हटल्यानं ती काही उतरली नाही, पण गाणं सुधारलं. धडधडणाऱ्या हृदयाला शांत हो म्हणणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. उत्साहातही हृदय असंच धडधडतं, त्यामुळे ते नाव शरीराला मानवतं.

नाडी खरोखरच उतरवायची असेल तर एक दार उघडं आहे. आत्ता, हे वाचता वाचता, मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. बऱ्याच जणांना, विशेषतः तरुणांना, कळेल की श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंदावतात. कार्ल लुडविगनं 1847 मध्ये हे आलेखावर उतरवलं होतं. हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस उच्छ्वासात जास्त जोमानं काम करते. हृदयावर आपला हुकूम चालत नाही, श्वासावर चालतो. रोल नंबर पुकारण्याआधी दोन-तीन मिनिटं लांब उच्छ्वास सोडत बसलं तर शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

हृदयाला अॅड्रेनॅलिनचा निरोपच पोचू न देणारी गोळीही आहे. प्रोप्रॅनोलॉल, जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात हृदयरोग्यांसाठी शोधलेली. त्यांना 1988 चं नोबेल मिळालं. हात थरथरू नयेत म्हणून वाद्यवादकांनी तिचा पुष्कळ वापर केला. पण दमा असलेल्याला ती घातक ठरू शकते, त्यामुळे मित्राच्या बॅगेतून घ्यायची ही वस्तू नाही. आणि भीतीपायी कुणी विषय सोडत असेल, परीक्षा चुकवत असेल, कॉलेजच बंद करायच्या विचारात असेल, तर ते सामाजिक चिंताविकाराचं लक्षण असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेलीमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बोलून झाल्यावरचा एक तास मात्र सगळ्यांनीच सांभाळावा. ट्रिअरच्या प्रयोगात कॉर्टिसॉलनं टोक गाठलं ते प्रसंग संपल्यावर दहा-वीस मिनिटांनी. म्हणजे सेमिनार उरकून पोरगा कॅन्टीनमध्ये बसलेला असतो आणि त्याच्या शरीरातला ताण त्या वेळी कळसाला असतो. ‘वाट लागली’ हा निकाल बहुधा तेव्हाच लागतो. तो तेव्हा मानू नये, असं माझं मत. त्याऐवजी मानसोपचारातली एक युक्ती करून पाहावी. मित्राला मोबाइलवर सेमिनारचं चित्रण करायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी, ते बघण्याआधी, कागदावर लिहायचं की त्यात काय काय दिसणार आहे: हात किती थरथरताना दिसतील, आवाज कितीदा कापेल, कितीदा ‘अं’ येईल. मग अनोळखी माणसाचं चित्रण असल्यासारखं ते बघायचं आणि कागदावरच्या एकेका ओळीपुढे, खरंच दिसलं तरच, खूण करायची.